मिरग लागायच्या आधी: कोकणात कमी पैशात घर चालवताना कागद, धान्य आणि औषधपाणी कसं सांभाळायचं

कोकणातली गरिबी रस्त्यावरून जाताना दिसत नाही. घर चिऱ्याचं असतं, दारात दोन माड, मागे फणस, अंगण सारवलेलं, आणि आत तांदळाच्या डब्याचा तळ दिसत असतो. बघणारा म्हणतो यांचं बरं चाललंय, आणि सरकारी यादीतही बऱ्याच घरांचं तेच झालं. 2002 ची दारिद्र्यरेषेची यादी 13 प्रश्नांवर ठरली होती, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, सगळे मिळून 52, जेवढे गुण कमी तेवढं कुटुंब गरीब. प्रश्न काय तर जमीन किती, घर कसलं, संडास आहे का, कपडे किती, जेवायला पुरतं का. आता आपल्याकडे आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आणि सातबारावर वीस जणांत एक नाव, एवढ्यावरच गुण वाढतात, चूल पेटते की नाही ते राहून जातं.

म्हणून पहिली गोष्ट. "आमचं नाव बीपीएलमध्ये नाही, आम्हाला काय मिळणार" असं म्हणून घरी बसू नका. रेषा एक नाहीये. तेंडुलकर समितीच्या हिशोबाने 2011-12 साली देशभरात खेड्यात माणशी महिना 816 रुपये खर्च करणारा माणूस रेषेच्या वर होता, म्हणजे दिवसाला 27 रुपये, ती झाली आकडेवारीची रेषा. प्रत्यक्ष योजनांच्या रेषा वेगळ्या आहेत: पिवळ्या रेशनकार्डाला वर्षाचं उत्पन्न 15,000, गावात प्राधान्य कुटुंबाच्या धान्याला 44,000, शहरात त्यालाच 59,000, संजय गांधी निराधारला 21,000, खासगी शाळेतल्या आरटीईच्या 25 टक्के प्रवेशाला 1 लाख, लाडक्या बहिणीला अडीच लाख. एकात बसला नाहीत तर दुसऱ्यात बसाल, प्रत्येकाचं वेगळं बघायचं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी. आपल्याकडे पैसा वर्षभर सारखा येत नाही. काजू, आंबा, चिरेखाण, गवंड्याच्या हाताखालचं काम, बंदरावर मासळी निवडायचं काम, सगळं शिमग्याच्या आगेमागे सुरू होतं आणि मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग लागला की, थांबतं. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. लावणीचे पंधरा-वीस दिवस रोजी मिळते, मग थेट गणपतीपर्यंत हातात काही नाही, आणि नेमकं तेव्हाच शाळेची वह्या-पुस्तकं, ताप, गळकं छप्पर आणि गणपतीचा खर्च. वर्षभराची कमाई बारा महिन्यांनी भागली तर दिसते तेवढी वाईट नसते, पण पावसाचे चार महिने घर मोडतात आणि तिथेच कर्ज होतं. त्यामुळे पुढे जे सांगतोय त्यातलं बहुतेक मे संपायच्या आत करायचं आहे, जून उजाडला की एसटी वेळेवर नाही, लाइट नाही, सर्व्हर नाही आणि सेतूत दाखल्यांसाठी पोरांची रांग.

कागदांपासून सुरू करा. एक पत्र्याचा डबा किंवा जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, सगळ्यांची आधार, बँकेचं पासबुक, घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद), सातबारा असेल तर तो, पोरांचे जन्मदाखले, घरात कोण वारलं असेल तर मृत्यूदाखला, रोजगार हमीचं जॉब कार्ड. ही पिशवी माळ्यावर नको, कौल गळलं की पहिलं पाणी तिथेच. नावं जुळतात का ते एकदा बसून बघा. बायकांचं हमखास अडतं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच काहीतरी, आणि मग पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत. आधी आधार नीट करा, बाकी सगळं त्याच्यावर चालतं.

उत्पन्नाचा दाखला साधारण 31 मार्चपर्यंत चालतो, म्हणजे फेब्रुवारीत काढलात तर महिनाभरात फुकट गेला. एप्रिल लागला की काढा, वर्षभर वापरा. आधी तलाठ्याचा अहवाल, मग आपले सरकार केंद्रातून तहसीलदारांचा दाखला. केंद्रात दरपत्रक लावलेलं असतं ते वाचा आणि तेवढेच पैसे द्या, पावती मागा. उत्पन्न सांगताना खरं सांगा, पण पूर्ण सांगा म्हणजे काय ते समजून घ्या: मुंबईला वेगळा संसार थाटलेल्या भावाचा पगार तुमच्या चुलीवर शिजत नसेल तर ते तुमचं उत्पन्न नाही, हे तलाठ्याला स्पष्ट बोलायला घाबरू नका.

आता रेशन. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतंच असं नाही, त्या कार्डावर "प्राधान्य कुटुंब" असा शिक्का लागतो. प्राधान्यला माणशी 5 किलो, अंत्योदयला माणसं कितीही असोत कुटुंबाला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य फुकट आहे, दुकानदाराने पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. हिशोब करून बघा, चार माणसांचं घर असेल तर प्राधान्यमध्ये 20 किलो, अंत्योदयमध्ये 35, महिन्याला 15 किलोचा फरक. म्हणून विधवा बाई घर चालवतेय, घरात अपंग माणूस आहे, म्हातारी एकटीच राहतेय, अशा घरांनी अंत्योदयसाठीच अर्ज करावा. कातकरी कुटुंब तर त्यात बसतंच, रायगड-रत्नागिरीत अजून कितीतरी कातकरी वाड्यांवर कार्डच नाही, तिथे कुणी शिकलेलं पोर असेल तर त्याने हे काम अंगावर घ्यावं.

तहसीलला पुरवठा शाखेत गेलात की "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर बऱ्याचदा मिळतं. म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेला आकडा भरलेला आहे. ते खरंही असतं, पण माणसं वारतात, पोरी लग्न होऊन जातात, कुटुंबं कायमची मुंबईला जातात, जागा होत राहतात, आणि जागा झाली की ज्याचा अर्ज कागदावर आहे त्याचाच विचार होतो. तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, आणि ग्रामसभेत उभं राहून आपलं नाव घ्यायला सांगा. तक्रार असेल तर 1967 नंबर आहे.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असेल तर आधी ते. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं करावं लागतं, नाही केलं तर त्याचं धान्य थांबतं. मुलगा परळला किंवा नालासोपाऱ्याला असेल तर त्याला त्यासाठी गावाला यायची गरज नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा देता येतो, शिवाय मेरा ई-केवायसी म्हणून ॲप आहे त्यावर चेहरा दाखवून होतं. तो तिकडेच राहात असेल तर आपल्या वाटचं धान्य तो तिथल्या दुकानातून उचलू शकतो, एक देश एक रेशनकार्ड त्यासाठीच आहे, खोलीवर तीन पोरं मिळून राहणाऱ्यांना ते मोठं होतं.

अंगठ्याचा विषय निघालाच तर काजू सोलणाऱ्या बायकांबद्दल सांगायला पाहिजे. काजूच्या टरफलाचा चीक बोटाला लागून लागून कातडं जळतं, बोटांची पेरं गुळगुळीत काळी पडतात, रेषा म्हणून राहत नाहीत. मशीनवर पाच वेळा अंगठा ठेवायचा, पाच वेळा लाल, मागे रांग कुरकुरतेय आणि बाई पदराला बोटं पुसून पुसून परत ठेवतेय. अशांनी आधी हे लक्षात ठेवा, महिन्याचं धान्य उचलायला कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, पोराला पाठवा. ई-केवायसी त्या ॲपवर चेहऱ्याने करा. काम बंद असतं त्या दिवसांत बोटांना रोज रात्री खोबरेल लावा, कातडं थोडं भरून आलं की आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे दोन्ही परत नोंदवून घ्या. आणि फॅक्टरीत हातमोजे मागा, नसतील देत तर निदान तेल आणि राख लावल्याशिवाय टरफलाला हात लावू नका.

पेन्शनीचं थोडक्यात. निराधार, विधवा, परित्यक्ता, अपंग यांना संजय गांधी योजना, 65 च्या वर श्रावणबाळ, दोन्हीला महिना 1500, अपंगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. अर्ज तहसीलला. संजय गांधी आणि लाडकी बहीण एकदम मिळत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हातारी माणसं तिथेच चुकतात आणि पेन्शन बंद पडते. पैसे आले नाहीत वाटलं तर आधी हे बघा की आधार कुठल्या बँकेला जोडलंय, कारण पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि माणूस जुन्याच बँकेत जाऊन विचारत राहतो. तालुक्याला जायचं भाडं वाचवायचं असेल तर पोस्टमनला सांगा, त्याच्याकडच्या मशीनवर अंगठा देऊन घरात बसून पैसे काढता येतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, 65 ते 75 ला अर्धं, 75 च्या वर फुकट, खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी पास फुकट.

घरात 1 एप्रिल 2023 नंतर मुलगी जन्मली असेल आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर अंगणवाडी सेविकेकडे लेक लाडकीचा फॉर्म भरा. जन्माला 5000, पहिलीत 6000, सहावीत 7000, अकरावीत 8000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000. आत्ता भरला नाही तर पुढचं सगळं गेलं.

आता आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं. आमच्या आज्या-पणज्यांनी पैसा नसताना पावसाळे काढले ते आगोट भरून, आणि ती पद्धत अजून सगळ्यात स्वस्त आहे. पैसा एप्रिल-मे मध्ये हातात असतो तेव्हाच हे घ्यायचं, जुलैत तेच किलो-पाव किलोने उधारीवर घेतलं की महाग पडतं. पहिला मान तांदळाला. रेशनचं पुरत नाही हे धरूनच चालायचं, चार मोठी माणसं दोन वेळ भात खाणारी असली तर महिन्याला चाळीस-पंचेचाळीस किलो सहज लागतात, म्हणजे प्राधान्यवाल्यांना निम्मं बाहेरून आणायला लागतं. उकडे तांदूळ घ्या, पेजेला पुरवठ्याला येतात. निगडीचा पाला वाळवून डब्यात मधे मधे घाला, पोरकिडे होत नाहीत, आणि डबा जमिनीला टेकवू नका, खाली दोन लाकडं. 2025 ला सरकारने जून ते ऑगस्टचं धान्य एकदम आगाऊ दिलं होतं, तसं पुन्हा दिलं तर ते विकू नका, एवढी विनंती आहे, दलाल दारात येतो आणि पाचशेची नोट बघून माणूस भुलतो, मग ऑगस्टमध्ये त्याच तांदळाला दुप्पट मोजायला लागतात.

मग कुळीथ. कुळीथ राखेत घोळवून ठेवले तर वर्षभर टिकतात. भाजून, भरडून, टरफलं पाखडून दळून आणले की पिठी तयार, चार माणसांना वाटीभर पिठीची पिठी पुरते, लसूण, मिरची, दोन आमसुलं, वर भात. डाळ परवडत नाही त्या घरात पोरांना ताकद कुठून येणार तर ह्यातून, आणि नाचणीच्या भाकरीतून. नाचणीत कॅल्शियम तांदळाच्या कितीतरी पट आहे, गरोदर बाईला आणि वाढत्या पोरांना रोज एक भाकरी द्याच, नाचणीला गरिबाचं खाणं म्हणून लाजायचे दिवस गेले. सुकट, जवळा, बोंबील मे महिन्यात कडक उन्हात परत एकदा वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसात ओलं झालं की किडा पडतो. फणसाच्या आठळ्या धुऊन वाळवून राखेत, त्या गणपतीपर्यंत पुरतात. आमसुलं घरची घाला, रातांबे (कोकमाची फळं) जास्त असतील तर शेजारणींनी मिळून घाला आणि विका. मीठ, तेल, काड्यापेटी, मेणबत्त्या, साबण.

पाऊस पडला की टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला, हे बांधावर फुकट आहे. कोवळंच खुडा. अळंबी मात्र घरातल्या जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय चुलीवर ठेवू नका. लाकडं मे मध्ये फोडून पडवीत रचा. छपरावर प्लास्टिक घालायचं तर आधी फुटकी कौलं बदला, नुसत्या प्लास्टिकने वासे कुजतात.

कामाचं म्हणाल तर रोजगार हमीचं काम मागितल्याशिवाय मिळत नाही, अर्ज लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. गवंड्याच्या हाताखाली, सेंट्रिंगला, रंगकामाला जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करावी, वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, नोंदणी फी 1 रुपया. एजंट हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. पोरांच्या शिक्षणाला त्यातून पैसे मिळतात.

आजारपण. कोकणातलं गरीब घर एका ऑपरेशनमध्ये जमीन विकतं हे मी बघत आलोय, म्हणून हे नीट वाचा. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. मोठं काही निघालं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. यात एकच गोष्ट पाळायची: ॲडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटायचं, त्याचं टेबल योजनेतल्या हॉस्पिटलात दर्शनी भागात असतं. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड काढून काही उपयोग होत नाही. कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते निघायच्या आधी 155388 वर विचारा. सिंधुदुर्गातले लोक गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला धावतात, ते दुसरं राज्य आहे, तिथे आपलं काय चालतं ते आधी विचारून मगच गाडी करा, तातडीचं असेल तर अर्थात 108 बोलवा आणि जवळचं गाठा. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. मुंबईला जायची वेळ आलीच तर धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायला लागतात, वर्षाला 1 लाख 80 हजारांच्या आत उत्पन्न असेल तर तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला एप्रिलमध्ये काढलेला तो दाखला दाखवा.

पावसात चिखलात काम करून ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, लवकर गेलात तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. दोडामार्ग-बांदा बाजूला काजू वेचायला रानात जाणाऱ्यांनी माकडतापाची भीती ठेवा, अंगभर कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा.

बँक खात्यातून दरवर्षी मे अखेरीस 20 रुपये आणि 436 रुपये कापले जातात ते दोन विमे चालू आहेत का बघा, पहिला अपघाताचा, दुसरा जिवाचा, दोन्ही 2 लाखांचे. त्या आठवड्यात खात्यात 456 रुपये शिल्लक असू द्या. सातबारावर घरातल्या कुणाचं नाव असेल तर गोपीनाथ मुंडे योजना आहे, माडावरून पडणं, आंब्यावरून पडणं, साप चावणं, वीज पडणं, बुडणं सगळं त्यात येतं, मृत्यू झाला तर 2 लाख, पण अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी कार्यालयात जायला हवा. दिवसकार्यात ते तीस दिवस निघून जातात, म्हणून असं काही झालं तर सुतक न बघता शेजाऱ्याने पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचे कागद गोळा करायला घ्यावेत. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या घरातला 18 ते 59 वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभचे 20,000 वेगळे, ते तहसीलला.

कर्जाबद्दल माझं मत कडक आहे. दर आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्या चांगल्या कामाला पण असतील, पण ज्या घरात जून ते ऑगस्ट कमाई नाही त्या घराने आठवड्याचा हप्ता घेऊ नये, बस. बचत गटाचं घ्या, तिथे पावसाळ्यात थांबायला सांगता येतं. आधीच घेतलं असेल तर एवढं माहीत असू दे, रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमाने सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत आणि वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी, संध्याकाळी 6 नंतर दारात येता कामा नये. बायकांना दारात उभं करून बोलणं ऐकवतात ते सहन करू नका. काजूची बी ओली असताना किराण्याच्या बदल्यात देऊ नका, तीन दिवस उन्हात टाका, वाडीची एकत्र करा, मग वजन-भाव दोन्ही आपल्या हातात राहतो. आणि गणपतीसाठी व्याजाने पैसे नकोत. मूर्ती लहान आणा, दीड दिवसाचा करा, घरच्या तांदळाच्या पिठाचे मोदक, गावच्या फुलांची आरास.

घरकुलाचं शेवटी ठेवलं कारण त्याचा गणपतीशी संबंध आहे. घरकुलाला, विहिरीला, फळबागेला, सगळ्याला जागेचा कागद लागतो आणि आपल्याकडे सातबारावर चुलते, चुलतभाऊ, मयत आजोबा, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी पंधरा-वीस नावं. सगळ्यांची संमती लागते आणि सगळे मुंबई, ठाणे, विरार, सुरतला. फोनवर सगळे हो म्हणतात, सही कुणी पाठवत नाही. म्हणून जुलैमध्येच ग्रामसेवकाला विचारा संमतीपत्राचा नमुना कोणता, साधा कागद चालतो की स्टॅम्पपेपर. मयतांच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे आधीच टाकून ठेवा. कागद टाइप करून, नावं क्रमाने लिहून घरात तयार ठेवा. चाकरमानी येतात ते दिवस चार-पाच, त्यातले दोन बाजारात आणि भजनात जातात. आरती झाली, सगळे एका ओटीवर बसलेत, चहा आलाय, तेव्हा मोठ्या काकांना आधी सही करायला सांगा, त्यांनी केली की बाकीचे करतात. प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स तिथल्या तिथे घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये फोटो तरी. जो आलाच नाही त्याचं नाव लिहून ठेवा, शिमग्याला नक्की येईल. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी एसटी भरायला लागतात, त्याच्या आत हे झालं पाहिजे. आणि अजिबातच जागा नसेल, तर घरकुल मंजूर झालेल्यांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 1 लाखापर्यंत मिळतात, त्याची चौकशी पंचायत समितीत घरकुल विभागाकडे करा.